चेअरमनबाईंचे पाय

आमच्या चेअरमनबाई संस्थेच्या सगळ्या मीटिंगा घमेल्यात पाय ठेवून घेत. घमेल्यात पाणी असे आणि पाण्यात घोट्यापर्यंत चेअरमनबाई. वर नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, समोर टेबल, टेबलावर संस्थेचा शिक्का. तालुक्याहून दूध खात्याचे साहेब आले की आधी टेबलाकडे बघत, मग टेबलाखाली बघत आणि मग जे छताला डोळे लावत ते चहा येईपर्यंत खाली आणत नसत. बाई म्हणत, "बगा की सायेब, लाजता कावून? पायच हायेत."

त्यांच्या पायांची आग होई. उन्हातून चालून आल्यावर तुमच्याआमच्या पायांची होते तशी नव्हे. तळवे आणि बोटं लालबुंद होत, टम्म फुगत आणि हात लावला तर खरोखर चटका जाणवे. मी लावून पाहिलाय. ऊन लागलं की सुरू, जरा वेळ उभं राहिलं की सुरू, झोपेत पायावर गोधडी आली तरी सुरू. चपलेचं तर नावच काढू नका. गार पाण्यात पाय गेले की बाई डोळे मिटून "हां" म्हणत आणि पुढचा विषय घेत. कसं होतं म्हणून विचारलं तर सांगत, "तव्यावर उभं केल्यावानी. अन् भाकरीबी आपुनच थापायची."

या आगीवर त्यांनी काय केलं नाही ते विचारा. काशाच्या वाटीनं तूप चोळलं. मेंदी थापली, कोरफड बांधली, एरंडेल लावलं. कुणी बिब्बा घालायला सांगितला, तोही घातला, त्यानं आगीला सोबत मिळाली. आष्टीच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा, त्यानं दिलेला लेप लावून त्या आठवडाभर हिरव्या पायांनी संस्थेत आल्या. डॉक्टरही झाले. एकानं कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, एकानं सलाईन लावलं, एकानं शुगर तपासली आणि शुगर निघाली नाही म्हणून तो जरा नाराज झाला. एका देवऋष्यानं सांगितलं की सासरकडच्या कुणीतरी केलंय. बाई म्हणाल्या, "ते मलाबी म्हाईत हाय, पर पायाचं काय?"

प्रत्येक उपायाला त्या सारखाच मान देत. "करून बगू. सूचक मी, अनुमोदक मी." काही दिवस गेले की मी विचारायचे, "बाई, कोरफडीचं काय झालं?" आणि त्या गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "नामंजूर."

संस्था म्हणजे आमची महिला दूध संस्था. गावात आधी पुरुषांची एक होती. तिचे कर्तेधर्ते तात्या, म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर. म्हशीचं शेण घरोघरची बाई काढणार, वैरण बाई घालणार, धार बाई काढणार आणि दुधाचा पगार तात्यांच्या संस्थेतून बाप्याच्या हातात. तो पगार घरी किती यायचा आणि वाटेत किती राहायचा हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं. चेअरमनबाईंनी बायका गोळा केल्या, तालुक्याला खेटे घातले आणि बायकांच्या नावावर संस्था उभी केली. तात्यांना पेढा देताना म्हणाल्या, "भावजी, दूध आमचं, संस्था आमची. तुमी आता निवांत बसा." तात्या निवांत बसले, पण त्यांना ते जमत नव्हतं.

मला त्यांनी सेक्रेटरी केलं. बारावी पास, लग्न व्हायचं असलेली आणि जिचा बाप नोकरीला हो म्हणेल अशी मुलगी गावात मी एकटीच होते. मी भीमनगरातली. आमच्या वस्तीतल्या बायकांचं दूध एकाच मापानं मोजून एकाच कॅनमध्ये जाणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "म्हशीला ईच्यारून या आदी, ती कोनाची हाय." कुणी गेलं नाही. मी छाया, पण त्या मला "छाये" अशी हाक मारायच्या, आणि ती हाक ऐकली की हातातलं काम टाकून त्यांच्याकडे पळावंसं वाटायचं. अजूनही वाटतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. लागोपाठ पावसानं दगा दिला, विहिरी खडखडीत झाल्या, ऊसतोडीला गेलेली माणसं पट्टा पडून कारखान्याचा हंगाम संपल्यावरही गावाकडे यायला बघेनात. टँकर येई तेव्हा गावात जी पळापळ होई ती लग्नात पंगत उठताना होत नाही. अशा दिवसांत चेअरमनबाईंचं घमेलं राजकारणात आलं. "गाव हंडाभर पाण्याला म्हाग झालं अन् आमच्या वैनीचे पाय बगा, पाण्यात," असं तात्या पारावर बसून सांगू लागले. खरं म्हणजे ते पाणी बाईंच्या स्वतःच्या वाट्यातलं असे आणि तेच चार चार दिवस पुरवत. शेवटी दारातल्या लिंबाला जाई. लिंबाची तक्रार नव्हती. पण ऐकू आलं तशी बाईंनी घमेलं पालथं घातलं आणि ओलं पोतं पायाला गुंडाळून बसू लागल्या. पोत्यानं काय होणार? ओठ दाताखाली धरून त्या काम करायच्या. घामानं कुंकू ओघळायचं. मला बघवायचं नाही.

त्यातच संस्थेनं जनावरांची छावणी घेतली. घ्यावीच लागली. जनावरं बाजाराला गेली की दूध संपलं, दूध संपलं की संस्था मोडली आणि संस्था मोडली की पगार पुन्हा तात्यांच्या मार्गानं. हे बाईंना ठाऊक होतं, तात्यांना त्याहून ठाऊक होतं. छावणी म्हणजे माळावर मांडव, दावणी, उसाचे वाढे, पेंड, टँकर, भांडणं. तिथं सकाळपासून उभं राहणारं माणूस लागतं. नाहीतर पेंड एकीकडे जाते आणि जनावर दुसरीकडे बघत राहतं. आणि आमच्या चेअरमनला नेमकं उभंच राहता येत नव्हतं. तात्या कळवळून म्हणत, "वैनी, तुमचे पाय असे. तुमी घरी ऱ्हावा. आमी बगतो छावनीचं."

बाई त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या. म्हणाल्या, "छाये, हात मागितले आस्ते तर दिले आस्ते गं. ह्यांना माजं उभं ऱ्हानंच पायजे."

मग मी त्यांना नगरला नेलं. तिथं त्वचेच्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. एस.टी.त बाईंनी पाय खिडकीला लावले. कंडक्टर काही बोलायला आला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिकीट फाडून गेला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय पाहिले, हात लावला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू बाईंनी घरून शेंगुळे आणलेत. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी आणखी एकाला. तिघं खाली बसून पाय बघू लागले. पहिले म्हणाले, "आजी, हे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं." बाई म्हणाल्या, "मंग आता नीट बगून घ्या." रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, एरिथ्रोमेलाल्जिया. बाईंनी मला ते कागदावर लिहून घ्यायला लावलं. वर्षानुवर्षं लोक "काय झालंय?" म्हणून विचारत आणि त्यांच्याकडे सांगायला काही नसे. आता एवढं लांबलचक मिळालं होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

रक्त तपासलं. रक्तातल्या काही पेशी गरजेपेक्षा फार जास्त होत्या, त्यामुळे बारीक नसांत अडथळा होतो आणि आग उठते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग चिठ्ठीवर औषध लिहिलं. ॲस्पिरिन. मी वाचून दाखवलं. बाईंचा विश्वास बसेना. "डोकं दुकल्यावर घेत्यात ती?" "तीच." "आमच्या गावात किरान्याच्या दुकानात बरनीत ऱ्हाती ती?" डॉक्टर म्हणाले, "तीच. काहींना चांगली लागू पडते, काहींना नाही पडत. करून बघू. पण उपाशीपोटी घ्यायची नाही, मनानं वाढवायची नाही आणि बर्फाच्या पाण्यात पाय घालायचे नाहीत."

"करून बगू" हे त्यांचेच शब्द होते, म्हणून बाई गप्प बसल्या. पण एस.टी.त बसल्यावर म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या नावाचा रोग, अन् गोळी ही. निदान सुई तरी टोचायची."

गावातही तेच झालं. रोगाचं नाव ऐकून माणसं चूप झाली, गोळी पाहून हसली. दुकानदारानं बरणीतून गोळ्या काढून दिल्या, तिच्या शेजारच्या बरणीत पेपरमिंट होतं. तात्या म्हणाले, "डाक्टरनं वैनीला येडं केलं."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छावणीच्या माळावर पाणाड्या बोलावला होता. टँकरचं खरं नव्हतं, छावणीला स्वतःची बोअर पाहिजे होती. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि माळ तुडवायला सुरुवात केली. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, अशी रीत. मागे तात्या, त्यामागे अर्धं गाव, सगळ्यात मागे अनवाणी चेअरमनबाई आणि मी. नारळ काही उठेना. ऊन असं की जमिनीवरून वाफा येत होत्या. मी बाईंकडे बघत होते, आता या खाली बसतील म्हणून.

त्या बसल्या नाहीत. एका जागी थांबल्या. खाली पायांकडे पाहिलं, बोटं हलवली, डोळे मिटले. मी घाबरले. म्हटलं, "बाई, काय झालं?" त्या हळूच म्हणाल्या, "गार पडले गं. छाये, पाय गार पडले."

पुढच्या बाईनं ते ऐकलं. तिनं पुढच्याला सांगितलं. बघता बघता माणसं परत फिरली आणि आमच्याभोवती रिंगण झालं. ज्या बाईच्या पायाला बारा महिने जाळ, तिचे पाय भर उन्हात माळावर गार पडतात म्हणजे खाली काय असणार? बाई ओरडून सांगत होत्या, "आरं गोळीनं पडले! किरान्याच्या गोळीनं!" पण किराणा दुकानातल्या गोळीनं पाय गार पडतात यावर कोण विश्वास ठेवणार? जमिनीखाली पाणी आहे यावर ठेवायला सगळे एका पायावर तयार होते. पाणाड्यालाही आता मागं राहणं बरं दिसेना. त्यानं नारळ बाईंच्या पायापाशी आणला आणि नारळ ताडकन उभा राहिला. तात्यांनी स्वतः हळद-कुंकू वाहिलं, स्वतःच्या हातानं नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. बाईंनी खोबरं घेतलं. म्हणाल्या, "आता काय सांगू ह्यांना? खोबरं चांगलं हाय."

बोअरची गाडी आली, दिवसभर धडधडली. पाणी लागलं नाही. फुफाटा निघाला, तो सगळ्या गावावर सारखा पडला.

पण बाईंचे पाय गारच राहिले. पुढे कितीतरी दिवस त्या छावणीत सकाळपासून उभ्या असत. काठी हातात, पदर खोचलेला, पेंडीच्या पोत्यापाशी. आष्टीच्या बाजारातून त्यांनी रबरी चपला मागवल्या आणि उगाचच छावणीला दोन फेऱ्या जास्त घातल्या. तात्यांची बायको, बाईंची धाकटी जाऊ, तिची म्हैस आमच्याच छावणीत होती. ती गरीब स्वभावाची, नवऱ्यासमोर तोंड न उघडणारी. ती मला हळूच म्हणाली, "बाई कश्या चालत्यात बग की. नव्या नवरीवानी." आम्ही दोघी हसलो. किती बरं वाटलं होतं तेव्हा!

आता गंमत संपते. छावणीत बाईंना जेवायला वेळ नसे. गोळी मात्र चुकवत नसत, म्हणजे ती उपाशीपोटी जाई. शिवाय एका गोळीनं एवढं बरं वाटतं तर दोन घ्यायला काय हरकत आहे, असा ठराव त्यांनी परस्पर मंजूर केला होता. मला ते कळलं तेव्हा त्यांना काळी शौचाला होत होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. नगरच्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, खूप रागावले आणि गोळी पूर्ण बंद केली. पोटातली जखम भरून येईपर्यंत एकही नाही. दोन दिवसांत आग परत आली, आधीपेक्षा जास्त. मी डॉक्टरांना म्हटलं, "पंधरवड्यात संस्थेची सभा आहे." ते म्हणाले, "पोटाला सभा कळत नाही."

सभेत अविश्वास ठराव होता. ठरावाखाली सह्या बायकांच्या होत्या, अक्षर त्यांच्या नवऱ्यांचं होतं. आरोप दोन. चेअरमननं संस्थेला चुकीच्या जागी बोअर घ्यायला लावली आणि चेअरमनला उभं राहता येत नसल्यानं कारभार होत नाही. चेअरमन गेल्या की संस्था पुरुषांच्या संस्थेत विलीन करायची, हा पुढचा विषय तयार होता. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. बायका पुढे बसल्या. पुरुष सभासद नव्हते, पण आपापल्या बायकोच्या बरोबर मागे येऊन बसले. तात्यांनी सह्या करणाऱ्या बायकांच्या वतीनं म्हणून आपलं म्हणणं मांडलं आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "वैनी, उत्तर द्यायचं तर सभेत उभं ऱ्हाऊन द्यावं लागतं. रीतच हाय."

बाईंनी टेबल धरलं आणि उठल्या. पाय टेकले तसा चेहरा पांढरा पडला. क्षणभर उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. मागे एक माणूस हसला, त्याला मी आजही ओळखते आणि आजही त्याच्याशी बोलत नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "छाये, तुजे पाय दुकतेत का?"

"न्हाई बाई."

"मंग ऊठ की."

मी आयुष्यात सभेत बोलले नव्हते. उठले. समोर तात्याच दिसले, म्हणून त्यांनाच विचारलं, "तात्या, बोअरचा नारळ कुनी फोडला?" बायकांत खसखस पिकली. मी म्हटलं, "बाई ओरडून सांगत होत्या, गोळीनं पाय गार पडले म्हणून. ती बरनीतली गोळी, म्हणून कुनाला पटंना. सलाईन लावलं आस्तं तर पटलं आस्तं." मग मला रागच आला. म्हटलं, "सगळ्या तालुक्यात जनावरं बाजाराला गेली. आपल्या छावणीतलं एक तरी गेलं का? कुनी उभं ऱ्हायलं तितं? ज्या बाईला उभं ऱ्हाता येत न्हाई तिनंच ना? पोट फाटस्तोवर गोळ्या खाऊन उभी ऱ्हायली ती. आता तुमी ठरवा, तुमच्या म्हशीचा पगार कुनाच्या हातात द्यायचा." आणि पुढे सुचेना म्हणून बसले.

ठरावाच्या विरोधात असतील त्यांनी हात वर करा, असं तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं. एकही हात वर झाला नाही. बायका मान खाली घालून बसलेल्या, मागे नवऱ्यांचे गुडघे. मला वाटलं, संपलं. मग पुढच्या रांगेतून एक हात वर गेला. पूर्ण वर, कोपर सरळ. तात्यांची बायको. तात्या तिच्याकडे बघत राहिले. ती मागे वळलीच नाही. मग तिच्या शेजारणीचा गेला, मग भीमनगरच्या बायकांचे एकदम आणि मग कुणाचा कुठला ते कळेना.

बाईंनी सगळे हात बघितले आणि म्हणाल्या, "खाली करा आता, दुकतील."

पुढे डॉक्टरांनी पोटाच्या औषधाबरोबर अगदी बारीक मात्रेत तीच गोळी पुन्हा सुरू केली, रक्तासाठी वेगळी दिली. आग गेली नाही, पण माणसात राहू लागली. पाऊस झाला, छावणी उठली. पुढच्या निवडणुकीत बाई उभ्या राहिल्या नाहीत. "मी उतरते. सूचक मी, अनुमोदक मी," म्हणाल्या आणि माझं नाव सांगितलं. भीमनगरची पोरगी चेअरमन म्हटल्यावर काही घरांत कुजबुज झाली. त्या घरांत त्या स्वतः जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला कधी सांगितलं नाही. मी बिनविरोध आले.

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. रक्ताचंच दुखणं, मेंदूत गुठळी अडकली आणि एका दिवसात कारभार आटोपला. पहाटे निरोप आला. पाठोपाठ तात्यांचा निरोप आला की दुखवट्यासाठी आज डेअरी बंद ठेवा, गावाची रीत आहे. मी चेअरमन होते. मी बंद ठेवली नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या.

बायका आल्या. सगळ्या आल्या, आजारी होत्या त्याही. एकेकीनं किटली पुढे केली, दूध घातलं आणि तशीच बाईंच्या दाराकडे चालू लागली. तात्यांची बायको शेवटी आली. तिच्या घरात सुतक, दुधाला हात लावायचा नाही. ती रिकाम्या हातानं येऊन नुसती दारात उभी राहिली आणि शेवटचा कॅन भरेपर्यंत हलली नाही.

माप त्या दिवशी मीच घेतलं. डोळे थांबत नव्हते, म्हणून मान बाजूला करून घेतलं. दुधात पाणी जायला नको.